मंगळवार आणि शुक्रवार, तीननंतर

सोमवार, ४ सप्टेंबर

आदरणीय ताई,

फारशी ओळख नसताना पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. तुम्ही माझ्या आत्याच्या कन्या, म्हणजे नात्याने आपण बहिणीच. पण भेट एकदाच झाली, धाकट्या काकांच्या लग्नात. मी अकरा वर्षांची होते आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. जवळून जाताना तुम्ही विचारलेत, "ही वाळवी कुणाची?" ते नाव मला घरात कायमचे चिकटले. तक्रार नाही, इतके नेमके नाव त्यानंतर मला कुणी दिलेले नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज बसतो, कागदावर बसत नाही.

कामाचे सांगते. मी भाषा विभागात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठात पर्यावरण शिकवणाऱ्या सरांनी यंदा एक पाहणी हाती घेतली: वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण म्हणजे काय वाटते? सहा शाखा, तीनशे बारा विद्यार्थी, प्रश्न एकच: "पर्यावरण म्हणजे काय, ते दहा ओळींत लिहा." उत्तरे तपासण्यासाठी सरांनी मला निवडले, कारण त्यांच्या शब्दांत, "तुझ्या लिहिण्यात चूक निघत नाही." मी आधी एक आदर्श उत्तर तयार केले. त्यात दहा मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याला एक गुण. त्यानुसार विज्ञान शाखेची सरासरी आठ आली, अभियांत्रिकीची सात. वाणिज्य आणि नर्सिंग चारच्या आसपास राहिले. चित्रकलेला दोनही पुरते मिळाले नाहीत.

या गुणांचा उपयोग होणार आहे. ग्रंथालयामागे एक ओढा आहे. त्याला दुर्गंधी येते अशा तक्रारी असल्याने तो मोठ्या नळात बंदिस्त करून वर वाहनतळ बांधण्याचा विचार आहे. निर्णय परिसर समिती घेईल. समितीत विद्यार्थ्यांच्या पाच जागा आहेत आणि ज्या दोन शाखांना पर्यावरणाची सर्वाधिक जाण आहे, त्यांनाच त्या मिळतील.

माझी शंका लहान आहे आणि भाषेपुरती आहे: प्रश्न नीट विचारला गेला ना? तुम्ही जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासता, म्हणून विचारते. सोबत दहा उत्तरे पाठवते. त्यांवरील शाखा आणि गुण मुद्दाम काढून टाकले आहेत. तुम्हाला योग्य वाटेल तो क्रम लावावा.

आपली नम्र,
मामेबहीण (वाळवी)


शनिवार, ९ सप्टेंबर

वाळवे,

पहिलं म्हणजे मला 'आदरणीय' म्हणायचं नाही. इथे माझं नाव ऐकून फक्त पंप सुरू होतात, आणि तेही मनात असेल तर. दुसरं, ते नाव मी ठेवलं हे मी साफ विसरले होते. पण वाळवी काही वाईट नसते गं. गाजावाजा न करता काम करते. लोकांना कळतं तेव्हा दार पडलेलं असतं.

आता तुझी उत्तरं. डबा खाता खाता वाचली, एका कागदावर तेलाचा डाग पडलाय, तेवढं पोटात घाल.

पाचव्याने लिहिलंय, "पर्यावरण म्हणजे सर वर्गात येण्यापूर्वी असते ते." हा मुलगा पास. पहिलं उत्तर कुणा अभियंत्याचं दिसतंय, बाण काढलेत, चौकोन काढलेत, सुबक आहे. पण सगळे बाण कागदाच्या कडेला येऊन संपतात. पुढे काय, ते त्यालाही ठाऊक नाही.

पण सातवं! परत वाच. "पर्यावरण म्हणजे आमच्या खोलीची खिडकी. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर बंद करावी लागते, नाहीतर डोळे चुरचुरतात. बाकी दिवशी उघडी असते." लिहिणारी जी कुणी असेल तिला मी उद्या माझ्याकडे कामाला घेते. वार सांगितला, वेळ सांगितली, लक्षण सांगितलं.

आता त्याच्या शेजारी चौथं ठेव. "टपरीवरच्या बाकांवर दुपारी चौदा जण बसतात. मंगळवारी आणि शुक्रवारी चारच. मालक म्हणतो वास येतो." आणि नववं: "मी वर्षभर ओढ्याचा रंग मिसळतोय. सोमवारी जमतो. बुधवारी आणि शनिवारी काठच्या दगडांवर मळकट पांढरी कड असते, ती जमत नाही." म्हणजे त्याच दोन वारांच्या दुसऱ्या दिवशी. तिघांनी एकमेकांना विचारून लिहिलंय का? नसेल, तर तुझ्या त्या ओढ्यात आठवड्यातून दोनदा कुणीतरी काहीतरी सोडतंय. ओढ्याला वास येत नाही, बाई. वास ओढ्यात टाकला जातो. आणि तुम्ही तो झाकायला निघालात.

सर्वांत शेवटी मी तिसरं ठेवते. "पर्यावरण म्हणजे सजीव व निर्जीव घटकांची परस्परावलंबी व्यवस्था होय." पुढे नऊ ओळी तसंच. एक अक्षर चुकीचं नाही आणि एक ओळ पाहिलेली नाही. हे लिहिणाऱ्याने घराबाहेर पाऊल टाकल्याचं दिसत नाही.

तू गेलीस का कधी त्या ओढ्यावर?

ताई


बुधवार, १३ सप्टेंबर

ताई,

तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर आळसाने झाला नाही. उत्तर लिहून तीनदा फाडले.

तिसरे उत्तर माझे आहे. ते कुणा विद्यार्थ्याचे नाही. ज्याच्यावरून मी तीनशे बारा जणांना गुण दिले ते आदर्श उत्तर आहे. ते तुम्ही पहिले ठेवाल अशी माझी खात्री होती. म्हणूनच दहांत मिसळले. शाबासकीसाठी केलेली ती चोरी होती.

तुम्ही ज्या तीन उत्तरांवर बोट ठेवलेत त्यांना मी दिलेले गुण असे: सातव्याला शून्य, चौथ्याला शून्य, नवव्याला एक, तोही हस्ताक्षरासाठी. तिन्हींवर मी लाल शाईने 'विषयांतर' असे लिहिले आहे. ती अनुक्रमे नर्सिंग, वाणिज्य आणि चित्रकलेची आहेत. त्यांची एकमेकांशी ओळखही नाही. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी उत्तरे लिहिली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. ग्रंथालयात मी चार वर्षे बसते. माझी जागा उत्तरेच्या खिडकीपाशी आहे. ओढा त्या खिडकीपासून दोनशे पावलांवर आहे, आणि मी तो कधी पाहिला नव्हता. काल मंगळवार होता. सव्वातीनला मागच्या पायऱ्यांपर्यंत गेले. कुजलेल्या अंड्यासारखा वास होता. पुढे गेले नाही.

आणखी एक गोष्ट मी लपवली. प्रश्न नीट आहे का, हे विचारताना मी अहवाल आधीच सरांना दिलेला होता. त्यांनी तो विभागात वाचून दाखवला आणि संशोधनासाठी माझी शिफारस करण्याचे सर्वांसमोर कबूल केले. चार वर्षांत प्रथमच सर्वांनी माझ्याकडे वळून पाहिले. तो अहवाल आता परत मागणे मला शक्य नाही. ओढ्याचा विषय मी योग्य व्यक्तीच्या कानावर घालीन.

तुम्ही वेळ दिलात, याबद्दल आभारी आहे.

मामेबहीण


सोमवार, १८ सप्टेंबर

वाळवे,

तुझं पत्र म्हणजे इस्त्री केलेला रुसवा. पण चूक माझी. उत्तर कुणाचं आहे हे न पाहता मी तोंड चालवलं. ही माझी जुनी खोड आहे, आणि ती मला एकदा चांगलीच महागात पडली आहे.

तरी एक सांगते. तू 'योग्य व्यक्तीच्या कानावर घालीन' असं लिहिलंस. कानावर काही घालू नकोस. कान दोन असतात, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. तुझ्याकडे आत्ता तीन उत्तरं आहेत. तीन उत्तरं म्हणजे तीन माणसांचं म्हणणं. मोजलंस तर पुरावा.

पत्रासोबतच्या पुडक्यात कागदी पट्ट्यांची डबी आहे. पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. आकडा सातच्या आसपास आला तर पाणी ठीक. चार किंवा त्याखाली आला तर पाण्यात आम्ल आलंय. ओढ्याच्या तळाच्या काळ्या चिखलात आम्ल पडलं की त्यातून तो अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

वाकून पाणी घ्यायचं नाही. डबा दोरीला बांधून सोड. हातमोजे घाल, वारा पाठीवर घे, आणि एकटी जाऊ नकोस, त्या खिडकीवालीला ने. दिवसातून तीनदा मोजायचं: दोनला, सव्वातीनला आणि पाचला. मंगळवारी, शुक्रवारी, आणि मधल्या एखाद्या साध्या दिवशीही. साधा दिवस विसरू नकोस, तोच खरा साक्षीदार. प्रत्येक आकड्यापुढे दोघींच्या सह्या.

शिवाय रसायनशास्त्राच्या इमारतीत मागच्या जिन्याखाली लोखंडी झाकण असेल. त्याखाली टाकी असते. सिंकमधलं पाणी तिथे येतं, टाकीतल्या चुनखडीवरून जातं आणि त्यातलं आम्ल मरतं. मगच ते बाहेर सोडायचं असतं. ते झाकण कुणाकडून तरी उघडून घे.

शिफारशीचं म्हणशील तर मी काही बोलणार नाही. गमवायची ती तू गमवणार, सल्ला देऊन माझं काय जातंय.

ताई


बुधवार, २७ सप्टेंबर

ताई,

मोजले.

सातव्या उत्तराच्या लेखिकेला शोधण्यासाठी मी नर्सिंगच्या वसतिगृहात चिठ्ठी पाठवली. ती स्वतःच ग्रंथालयात आली आणि माझ्यासमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "मला शून्य देणारी तूच का? म्हटलं, तोंड तरी बघावं." अख्ख्या वाचनकक्षाने माना वर केल्या. मी मान हलवली. ती म्हणाली, "आमच्या सिस्टर पण असंच लाल शाईने लिहितात. चल, काय करायचंय?" तिला वर्गात सगळे 'थर्मामीटर' म्हणतात, कारण तापाच्या तक्त्यासारखी ती सगळ्या गोष्टींची वेळ टिपून ठेवते. खिडकीच्या लाकडावर तिने पेन्सिलीने गेल्या दीड वर्षाच्या खुणा केलेल्या आहेत. एकही खूण मंगळवार-शुक्रवार सोडून नाही. मी तिला दहा ओळी मागितल्या होत्या. तिने तीन लिहिल्या, कारण उरलेले सगळे खिडकीवर होते.

आकडे लिहिते. शुक्रवारी दोन वाजता सात, सव्वातीनला चार, पाचला साडेपाच. काल मंगळवारी सात, साडेतीन, पाच. मधल्या सोमवारी तिन्ही वेळा सात. प्रत्येक ओळीपुढे दोघींच्या सह्या आहेत. पहिल्या दिवशी डबा माझ्या हातून सुटला आणि दोरीसकट वाहून गेला. थर्मामीटर म्हणाली, "वा! ओढ्यात टाकणाऱ्यांच्या यादीत आपणही." मी हसले. ओढ्याच्या काठावर उभे राहून मी हसले, याची नोंद करावीशी वाटते.

झाकणासाठी मला विज्ञान शाखेत जावे लागले. दहापैकी दहा गुण मी एकालाच दिले होते. रसायनशास्त्राचाच विद्यार्थी आहे तो. त्यालाही चिठ्ठी लिहिली: 'तुमच्या सिंकमधले पाणी पुढे कुठे जाते?' तो आधी हसला, "सिंकमध्ये जातं, म्हणजे गेलं." मग त्याने वेळापत्रक काढले. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता त्यांची प्रात्यक्षिके संपतात आणि साठ जण एकदम काचसामान धुतात, हे त्यानेच बोटांवर मोजून सांगितले. शिपायाकडून किल्ली घेऊन त्याने झाकण उचलले. टाकी गाळाने काठोकाठ भरलेली आहे. चुनखडीचा एक खडा दिसत नाही. पाणी वरच्या वर बाहेर पडते आणि पन्नास पावलांवर ओढ्याला मिळते. तो बराच वेळ वाकून पाहत होता. मग म्हणाला, "सिंकच्या पुढचं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं." ताई, माझ्या आदर्श उत्तरातही नव्हते. ज्या शाखेला मी समितीतल्या जागा मिळवून दिल्या तिचेच हे पाणी आहे, आणि त्या शाखेतल्या कुणालाही ते ठाऊक नाही.

मी सरांकडे गेले. बोलायला सुरुवात केली आणि आवाज बसला. त्यांना वाटले, मी शिफारशीबद्दल विचारायला आले आहे. आकड्यांचा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हे चांगलं आहे, पण हा वेगळा विषय झाला. आपला विषय जाणिवेचा. अहवाल समितीकडे गेलाय, बाण सुटलाय. आता माघार घेतलीस तर लोक म्हणतील, हिला गुणही देता येत नाहीत." समितीची बैठक सोमवारी, ९ ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता सभागृहात आहे. सभागृहाच्या खिडक्या कायम बंद असतात.

'हा वेगळा विषय झाला.' घरी येताना लक्षात आले, की सरांनी माझ्या कागदावर विषयांतर असेच लिहिले होते. फक्त लाल शाई नव्हती.

एक विचारायचे आहे. झाकण जिन्याखाली आहे, तेही मागच्या जिन्याखाली, हे तुम्हाला कसे कळले? मी तर इमारतीबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता.

वाळवी


रविवार, १ ऑक्टोबर

वाळवे,

पकडलंस. वाटलंच होतं मला, तू कागद वाचतेस तेव्हा शाईच्या मागचंही वाचतेस.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याच इमारतीत हंगामी प्रयोगशाळा-मदतनीस होते. काचसामान मोजायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तेव्हा टाकी अर्धी भरली होती. विभागप्रमुखांना मी व्हरांड्यात गाठून सांगितलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. दर वेळी "बघू या." वर्ष संपलं, तेव्हा मला मुदतवाढ मिळाली नाही. मी म्हटलं, मी टाकीबद्दल बोलले म्हणून का? ते म्हणाले, "टाकी? कुठली तक्रार? कागद दाखव." कागद नव्हता. मी फक्त बोलले होते. जे बोलले ते घडलंच नव्हतं.

घरी सगळे म्हणाले, हिला कुठे टिकताच येत नाही. मी म्हणू दिलं. तुझ्या काकांचं लग्न त्यानंतर पंधरा दिवसांनी होतं. सगळ्या लग्नात एक मुलगी तेवढी मला "आता काय करतेस?" असं विचारत नव्हती, ती कोपऱ्यात वाचत बसली होती. म्हणून तुझ्याजवळून गेले.

हे आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी केलं असतंस, आणि मग सगळे म्हणाले असते, बहिणीचा राग काढतेय. पट्ट्यांना माझी ओळख नाही. त्यांनी सांगितलं ते माझ्या रागापेक्षा खरं आहे. आताही माझ्यासाठी काही करू नकोस, माझं छान चाललंय. इथे रोज सकाळी मी गावाचं पाणी नाकाला लावते आणि होय किंवा नाही म्हणते, आणि लोक ऐकतात.

फक्त एवढंच. तुझा आवाज बसतो म्हणून तू आयुष्यभर स्वतःला कमी समजत आलीस. माझा आवाज चांगला होता गं. त्याचं काय झालं, बघ. तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे तेव्हा असायला हवं होतं.

काही दिलंस तर पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नकोस.

ताई


शुक्रवार, ६ ऑक्टोबर

ताई,

आजपासून तुला 'तू' म्हणते. 'आदरणीय' मात्र मनातून काढता येत नाही. तेवढे सहन कर.

या मंगळवारी आम्ही पाच जण होतो. चित्रकलेचा विद्यार्थी आणि वाणिज्य शाखेची टपरी मोजणारी विद्यार्थिनी, दोघेही आले. चित्रकाराने दगडांचे रंग वारांप्रमाणे कागदावर उतरवून आणले होते. वाणिज्यवालीने बाकांवरच्या माणसांचा सहा आठवड्यांचा तक्ता आणला आणि मला दटावले, "शून्य नको होतं गं, निदान अर्धा तरी द्यायचास!" रसायनवाल्याने सिंकपासून ओढ्यापर्यंतची नळाची वाट काढून दिली. त्यातले बाण कागदाच्या कडेला थांबत नाहीत. पाचांना एकत्र पाहून टपरीचा मालक म्हणाला, "मंगळवारी पाच गिऱ्हाइकं! ओढा सुधारला की काय?"

काल पुन्हा सरांकडे गेले. बोलायचे ते आधी लिहून पाठ केले होते. "सर, मी अहवाल मागे घेते आहे." ते म्हणाले, "गुण तूच दिलेस ना?" मी म्हटले, "हो. म्हणून मागे घेणेही माझ्याच हाती आहे." पाठ केलेले एवढेच होते. ते म्हणाले, "आणि ज्याने दहापैकी दहा मिळवले, त्याने काय करायचं?" माझ्यासोबत आलेला रसायनवाला दारातून म्हणाला, "माझे दहा काढून घ्या, सर. मी अडीच वर्षं खाली न बघता भांडी धुतोय."

सरांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "शिफारशीबद्दल मला पुन्हा विचार करावा लागेल." मी म्हटले, "करावा, सर." हे पाठ केलेले नव्हते, आणि आवाज बसला नाही.

समितीच्या नावाचा अर्ज आज दिला, स्वतःच्या हाताने, आणि वेळ मुद्दाम निवडली. आवक-जावक विभागातल्या काकांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. इतक्या सावकाश माझे लिहिणे आजवर कुणी वाचले नसेल. त्यांनी तारखेचा शिक्का मारला. मी म्हटले, "तासही लिहा, मिनिटांसकट."

"तारीख असते, पोरी. तास कुणी लिहीत नाही."

"या अर्जात तासच महत्त्वाचा आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मागे वळून पाहिले. त्यांच्या टेबलामागची खिडकी घट्ट लावलेली होती आणि फटीत वर्तमानपत्राची घडी खोचलेली होती. मी काही विचारले नव्हते. तेच म्हणाले, "मला वाटायचं, माझंच वय झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डोळ्यांत औषध घालतो." मग त्यांनी घड्याळ पाहून तास लिहिला, मिनिटे लिहिली, खाली सही केली आणि विचारले, "सहावी सही चालेल का?"

चालली. सरांचा पाठिंबा नसल्याने समिती हा कागद बाजूला सारू शकते, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी दुसरा कागद देईन, आणि त्यानंतर तिसरा. वाळवीला घाई नसते.

मूळ अर्जाची प्रत तुझ्यासाठी सोबत जोडली आहे. तुझे नाव त्यात कुठेही नाही. टाकी अकरा वर्षांपूर्वी अर्धी भरली होती, हेही त्यात लिहिलेले नाही; ते तू लिहायचेस, तुझ्या सहीने, तुला वाटेल तेव्हा. पत्ता खाली आहेच.

तुझी,
वाळवी


प्रति,
मा. अध्यक्ष, परिसर समिती

विषय: पाहणीचा अहवाल मागे घेणे, तसेच बैठकीचे स्थळ व वेळ बदलणे.

महोदय,

'पर्यावरण म्हणजे काय' या प्रश्नाच्या तीनशे बारा उत्तरांना मी गुण दिले होते. ते गुण मी मागे घेत आहे. तपासणीत हिशेबाची चूक नाही. चूक अशी, की ज्या उत्तराशी मी इतर सर्व उत्तरे ताडून पाहिली, ते लिहिताना मी पुस्तकाबाहेर काहीही पाहिलेले नव्हते. ज्यांनी पाहिले होते त्यांना मी शून्य दिले. या गुणांवरून समितीतील कोणतीही जागा भरली जाऊ नये.

ओढ्याच्या पाण्याची चार दिवसांतील बारा मोजमापे, दगडांच्या रंगांची चित्रे, टपरीवरील बाकांचा तक्ता, नर्सिंग वसतिगृहाच्या खिडकीवरील दीड वर्षाच्या नोंदींची नक्कल आणि रसायनशास्त्राच्या इमारतीतील टाकीपासून ओढ्यापर्यंतच्या नळाची आकृती सोबत जोडली आहे. या पाच कागदांतील प्रत्येक कागद वेगळ्या नजरेचा आहे आणि सर्व कागद एकाच टाकीपाशी पोहोचतात. टाकी साफ करून तिच्यात चुनखडी भरल्यास ओढा झाकण्याचे कारण उरत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

आमचे म्हणणे समितीने केवळ वाचून मान्य करावे, अशी आमची अपेक्षा नाही. म्हणून विनंती, की सोमवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात होणारी बैठक मंगळवार, दि. १० ऑक्टोबर रोजी दुपारी सव्वातीन वाजता नर्सिंग वसतिगृहाच्या तळमजल्यावर घ्यावी. खुर्च्या आम्ही मांडून ठेवू. बैठक संपेपर्यंत कृपया कुणीही खिडकी बंद करू नये.

आपली विश्वासू,
भाषा विभाग, अंतिम वर्ष
(सोबत पाच सह्या: नर्सिंग, रसायनशास्त्र, वाणिज्य, चित्रकला, आवक-जावक विभाग)

पोच: शुक्रवार, ६ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून बावीस मिनिटे.